कार्तिकेय घरी आला तेव्हा

पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट आपल्याकडे मुलांना गणपतीच्या बाजूने सांगतात. जो आधी पृथ्वीला प्रदक्षिणा घालून येईल तो जिंकला, असे शंकर-पार्वतींनी सांगितले. कार्तिकेय मोरावर बसून निघाला. गणपतीने आईवडिलांनाच प्रदक्षिणा घातली आणि पैज जिंकली. गोष्ट इथे संपते. ऐकणारे मूल खूश होते, सांगणारी आजी तात्पर्य सांगून मोकळी होते. मोरावरून गेलेल्या त्या दुसऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

शिवपुराणात ते सांगितले आहे. कार्तिकेय सगळी पृथ्वी फिरून परत येतो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. गणपतीचे लग्नसुद्धा झालेले असते. तो रागावतो आणि घर सोडून क्रौंच पर्वतावर निघून जातो. तमिळ परंपरेत लग्नाच्या जागी फळ आहे आणि डोंगराचे नाव पळनी आहे. तूच ते फळ आहेस, अशी त्याची समजूत घातली जाते. तरी तो खाली उतरत नाही. म्हणजे जगप्रदक्षिणेची आपली सर्वांत जुनी गोष्ट खरे तर परतण्याची गोष्ट आहे, आणि तीही फसलेल्या परतण्याची. मराठीत ती सांगताना आपण नेमका तोच भाग गाळतो.

गेली काही वर्षे मी जगप्रदक्षिणेची पुस्तके वाचत आहे. विशेषतः शिडाच्या लहान होडीतून पृथ्वी फिरून आलेल्यांची. अशा पुस्तकांचे परीक्षण करणारे बहुधा वादळांबद्दल लिहितात. केप हॉर्नच्या लाटा किती उंच होत्या, डोलकाठी कशी मोडली, एकट्या माणसाने झोप कशी काढली. मीही पूर्वी तसेच वाचत असे. आता मला वाटते की या पुस्तकांची खरी कसोटी शेवटच्या प्रकरणात असते. बंदर दिसते, दोर बांधला जातो, माणूस जमिनीवर पाय ठेवतो. या क्षणाला लेखक किती पाने देतो आणि त्या पानांत कोण कोण असते, हे मी पाहू लागलो आहे.

याचे कारण घरचेच आहे. माझे वडील बोटीवर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात एवढे सांगितले की पुरत असे. मालवाहू जहाजाच्या इंजिनात ते तेलवाले होते आणि दहा-अकरा महिन्यांनी घरी येत. जगाला त्यांच्या किती फेऱ्या झाल्या, ते त्यांनी मोजले नसावे. आल्यावर पंधरा दिवस ते पहाटे चारच्या आधी उठून बसत, कारण बोटीवर त्यांची पाळी चार ते आठ असे. एका खेपेला ते आले तेव्हा थोरल्या बहिणीचा साखरपुडा उरकला होता. "मला विचारायचं तरी," एवढेच ते म्हणाले. आई म्हणाली, "कुठल्या बंदरावर विचारणार होते?" दोघांचेही खरे होते. त्या रात्री ते पडवीत निजले, आणि रजेचा महिना शिल्लक असताना मुंबईला निघून गेले. बोट मिळायला वेळ लागतो, असे त्यांनी कारण दिले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. कार्तिकेयाच्या गोष्टीचा उरलेला भाग मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचला, पण वाचताना तो नवा वाटला नाही.

पृथ्वीप्रदक्षिणेचा पहिला मोठा वृत्तान्त अन्तोनिओ पिगाफेत्ताचा. मॅगेलनची पाच जहाजे सप्टेंबर १५१९ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाली. मॅगेलन वाटेत फिलिपाइन्समध्ये मारला गेला. ६ सप्टेंबर १५२२ रोजी 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज १८ माणसे घेऊन परत आले. पिगाफेत्ता त्यांत होता. बेटे, भाषा, मसाले, राजे यांबद्दल तो भरभरून लिहितो. परतीला मात्र मोजकी वाक्ये आहेत, आणि त्यांतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

पहिली हरवलेल्या दिवसाची. केप व्हर्दे बेटांवर अन्नासाठी थांबले असता, जहाजाच्या हिशेबाने बुधवार असताना किनाऱ्यावर गुरुवार असल्याचे त्यांना कळले. पिगाफेत्ता चकित झाला, कारण त्याने रोजची नोंद एकदाही चुकवली नव्हती. चूक कोणाचीच नव्हती. सतत पश्चिमेकडे जात पृथ्वीला फेरा घातला की एक सूर्योदय कमी पडतो. दुसरी गोष्ट सेव्हिलची. उतरल्यावर ही माणसे अनवाणी, अंगात नुसता सदरा, हातात एकेक मेणबत्ती अशी चालत मेरीच्या देवळात गेली. हे आपल्याला परके वाटायला नको. समुद्रोल्लंघन करून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावणारा आपला समाज काही फार मागचा नाही. त्यातला जातीचा जाच अक्षम्य होता, आणि सेव्हिलची ती मिरवणूक नवस फेडण्याची होती, शिक्षेची नव्हती. तरी दोन्हींच्या मुळाशी एक समजूत समान आहे: दूर गेलेला माणूस दारात आला म्हणजे घरी आला असे होत नाही, त्याला पुन्हा आत घ्यावे लागते. पिगाफेत्ताच्या मोजक्या ओळींत ही समजूत आहे. पुढच्या शतकांतल्या पुष्कळ जाड पुस्तकांत ती नाही.

ज्यूल व्हर्नने हरवलेल्या दिवसाचा उलटा हिशेब करून कादंबरी रचली. फिलिआस फॉग पूर्वेकडे जातो, म्हणून त्याला एक दिवस जास्तीचा मिळतो. मौज अशी की तो दिवस त्याला प्रवासात कुठेच सापडत नाही. पैज हरलो असे समजून तो लंडनच्या घरात बसलेला असतो तेव्हा सापडतो. आणि तोही कशामुळे, तर घरात आता औदा आहे, लग्नाचे ठरते आहे, त्यासाठी नोकर पाद्र्याकडे धावतो आणि आजचा वार कळतो. दारे लावून बसलेल्या माणसाला तो कळला नसता. व्हर्नला आपण करमणुकीचा लेखक म्हणतो, पण परतीचे महत्त्व त्याला पक्के ठाऊक होते.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. तो १८९५ च्या एप्रिलमध्ये बोस्टनहून 'स्प्रे' घेऊन निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला पोहोचला. अमेरिका-स्पेन युद्ध चालू होते. त्याच्या स्वागताला सुरुंग पेरलेले बंदर होते. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. जिथे 'स्प्रे' पाण्यात उतरली होती त्या फेअरहेवनला तो गेला आणि उतरण्याच्या वेळी ज्या खुंटाला ती बांधली होती त्याच खुंटाला त्याने तिला बांधले. याहून घराजवळ तिला नेता येणार नव्हते, अशा अर्थाचे तो लिहितो. ही जागा गोड म्हणून नेहमी वाखाणली जाते. मला ती वाचताना धस्स होते. घर कोणाचे? होडीचे. तिच्या कप्तानाचे घर या पानावर नाही. स्लोकमची पहिली पत्नी व्हर्जिनिया १८८४ मध्ये त्याच्याच जहाजावर वारली होती. जगप्रवासानंतर त्याने शेतीवाडी घेऊन पाहिली, पण जमिनीवर तो टिकला नाही. १९०९ मध्ये त्याच 'स्प्रे'तून निघाला तो पुन्हा दिसलाच नाही. पुस्तक १९०० चे. त्यात हा शेवट असणे शक्यच नव्हते, पण त्या खुंटाच्या ओळीत त्याची चाहूल आहे.

परतीचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो १९६८-६९ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरा घालायचा होता. नऊ जण निघाले, एकच परतला. तिच्यातून आलेली तीन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत.

पहिले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन'. त्यांची 'सुहेली' मुंबईत बांधलेली, सागवानी. इंग्लंडमधल्या फाल्मथहून ते १४ जून १९६८ ला निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतले. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, कुठून आलात? उत्तर होते, फाल्मथहून. दहा महिन्यांनंतरचा हा संवाद नुसता गमतीचा नाही. घर सोडताना आणि घरी येताना पत्ता तोच राहिला, अशी खात्री असलेला माणूसच असे उत्तर देऊ शकतो. निघण्यापूर्वी आणि आल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना तपासले होते आणि दोन्ही वेळी ते अगदी सर्वसामान्य ठरले होते. पुस्तकही तसेच आहे: सरळ, कामसू, गळती कशी बुजवली हे नीट सांगणारे. त्याला साहित्यिक उंची नाही असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण परत येता येणे हीही एक क्षमता आहे, हे मान्य करायला मला बराच काळ लागला.

दुसरे बर्नार म्वातेसिएचे 'ला लाँग रूत', १९७१ चे. साहित्याच्या वाचकांचे हे लाडके पुस्तक. म्वातेसिए शर्यतीत चांगला पुढे होता. केप हॉर्न मागे पडले होते. आता फक्त अटलांटिकमधून वर जायचे होते. मार्च १९६९ मध्ये त्याने केप टाउनजवळ एका जहाजावर बेचकीने निरोप फेकला की तो युरोपला येत नाही, पॅसिफिककडे जातो आहे; समुद्रावर तो सुखी आहे, आणि कदाचित आत्मा वाचवण्यासाठीही हे असेल. जूनमध्ये तो ताहितीला पोहोचला. पृथ्वीचा दीड फेरा झाला होता.

तरुणपणी हा निरोप मला संन्यासाच्या घोषणेसारखा वाटला होता. पुस्तक सुंदर आहे, यात वाद नाही. लाटांवर, पक्ष्यांवर, होडीच्या चालीवर त्याने लिहिलेले वाचताना हात आपोआप पान मागे उलटतो. आणि 'घर' म्हणजे काय, हा प्रश्नही त्याच्या बाबतीत साधा नाही. तो जन्मला हनोईत, वाढला इंडोचायनात. ज्या युरोपला परतायचे नाकारले ते त्याचे बालपण नव्हतेच. पण आता मला एक उणीव फार जाणवते. बंदरावर त्याची वाट पाहणारी पत्नी होती. तिची बाजू आपल्याला फक्त त्याच्या डोळ्यांनी दिसते. आपल्याकडेही घर सोडणाऱ्याच्या निरोपाला साहित्यात मोठा मान आहे, आणि निरोप ज्यांना मिळतो त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी काय झाले, यावर एखादीच ओवी. क्रौंच पर्वतावर गेलेल्या मुलासाठी पार्वती व्याकूळ झाली, हे पुराणकार तरी लिहितो.

तिसरे पुस्तक परत न आलेल्या माणसाचे, म्हणून दुसऱ्यांनी लिहिलेले. निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल यांनी १९७० मध्ये डोनाल्ड क्रोहर्स्टच्या अखेरच्या सफरीचा वृत्तान्त त्याच्या नोंदवह्यांवरून उभा केला. क्रोहर्स्टची होडी महासागराच्या लायकीची नव्हती. मागे फिरावे तर कराराप्रमाणे होडीची किंमत अंगावर येऊन दिवाळे निघणार, चार मुलांचे घर बुडणार. म्हणून तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून जगप्रदक्षिणेच्या खोट्या नोंदी कळवत राहिला. इतरांच्या मागे राहून आपण शेवटी गुपचूप सामील व्हावे, असा बेत होता. पण पुढच्या स्पर्धकाची होडी बुडाली आणि सर्वांत कमी वेळाचे बक्षीस क्रोहर्स्टच्या गळ्यात पडायची वेळ आली. म्हणजे वह्या तपासल्या जाणार. तिकडे त्याच्या गावात स्वागताची तयारी चालली होती आणि ते त्याला कळवले जात होते. शेवटी वहीत काळाबद्दल, ईश्वराबद्दल सुमारे २५ हजार शब्द लिहून तो थांबला. १० जुलै १९६९ ला होडी रिकामी सापडली.

टोमालिन आणि हॉल यांचे मोठेपण असे की त्यांनी क्रोहर्स्टला ना लबाड ठरवले, ना हुतात्मा. आकडे समोर ठेवत ते दाखवतात की त्याला समुद्राने मारले नाही. त्याला घराची वाट बंद झाली होती, आणि ती बंद केली होती त्याच्या स्वागतानेच. या पुस्तकानंतर बंदरावर बँड वाजतो आहे हे वाक्य कुठेही वाचले की मी क्षणभर थांबतो.

भारतीय नौदलाने आपल्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेला 'सागर परिक्रमा' हे नाव दिले. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. त्यांच्या पाठबळावर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार बंदरांवर थांबत एकट्याने मुंबई ते मुंबई फेरा पूर्ण केला. पाठोपाठ २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तोच फेरा न थांबता केला. दोघांची होडी एकच, 'म्हादेई'. मांडवी नदीच्या मूळ नावावरून.

परिक्रमा हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मराठी वाचकाला तो नर्मदेमुळे जवळचा आहे. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, निघालो तिथे येऊन सांगता करायची. चालणारा कोणाशी पैज लावत नाही. मुख्य म्हणजे परिक्रमेला मध्य लागतो: नदी, मूर्ती, आईवडील. शिडाच्या जगप्रदक्षिणेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत निघालेल्याच बंदराला परतण्याची अट आहे, सर्व रेखांश ओलांडण्याची आहे, २१,६०० सागरी मैलांची आहे. मध्य काय, हे नियम सांगत नाहीत. ते लेखकाने शोधायचे असते.

दोंदे यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नाव 'द फर्स्ट इंडियन'. नावात पुन्हा ती पैज आली, याची मला थोडी खंत आहे. आत मात्र वेगळेच सापडते. पुस्तकाचा मोठा वाटा समुद्राने नव्हे तर जमिनीने घेतला आहे: गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात होडी कशी आकाराला आली, परवानग्या कशा मिळाल्या, काय येत नव्हते आणि ते कोणाकडून शिकले. वादळांसाठी पुस्तक उघडणारा वाचक इथे कंटाळेल. मला हाच भाग त्याचा मध्य वाटतो. इतक्या हातांची आठवण बरोबर घेऊन निघालेला माणूस कुठे परतायचे ते विसरत नाही. तक्रार एकच: नाळ, डोलकाठी, सुकाणू हे शब्द ज्या किनाऱ्यावर रोज वापरले जातात, त्या किनाऱ्याच्या भाषेत हे पुस्तक आधी लिहिले गेले असते तर त्याची परतही अधिक घरगुती झाली असती.

मराठीला मात्र जगप्रदक्षिणा करून आलेली एक लेखिका फार पूर्वीच मिळाली होती, आणि तिला आपण त्या यादीत कधी धरत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथून १८८६ मध्ये अमेरिकेला. परतताना त्या आल्या वाटेने गेल्या नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचल्या. पश्चिमेला निघाल्या आणि पूर्वेकडून आल्या. पिगाफेत्तासारखाच त्यांचाही एक दिवस महासागरात गळून पडला असणार.

त्याच वर्षी त्यांचे युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरचे मराठी पुस्तक आले. त्याचा भर अमेरिकन समाजावर, तिथल्या शिक्षणावर आणि स्त्रियांच्या स्थितीवर आहे. पृथ्वीला फेरा घातल्याचा डौल त्यात नाही. परतण्यासारखे त्यांना होते तरी काय? आईवडील दुष्काळात गेलेले, पती निवर्तलेले, धर्म बदललेला, म्हणून समाज सावध. प्रायश्चित्त देऊन आत घेणारे दारच नव्हते. त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी, येऊन जेमतेम महिना झाला असताना, मुंबईत शारदा सदन उघडले. सदन म्हणजे घर. ज्यांना घर उरले नव्हते अशा बालविधवांसाठी ते होते. परतीचे प्रकरण त्यांनी कागदावर लिहिले नाही. पण मी वाचलेल्या सगळ्या परतींत मला हीच सर्वांत पूर्ण वाटते. कार्तिकेयापुढे दोनच वाटा होत्या, घरात जाणे किंवा डोंगरावर. रमाबाईंनी तिसरी काढली.

या सगळ्या यादीत माझ्या वडिलांसारख्यांना जागा नाही, आणि ती सहज मिळणारही नाही. कोकणातले, काठेवाडातले, मलबारातले, चितगाव-सिल्हेटचे हजारो खलाशी दीडशे-दोनशे वर्षे जगाला फेऱ्या घालत राहिले. त्यांच्या प्रदक्षिणेला सुरुवातीचे आणि शेवटाचे एकच बंदर असे नसे, त्यामुळे नियमांत ती बसत नाही. आणि त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत, म्हणून समीक्षेतही बसत नाही. त्यांच्या परतीचे साक्षीदार घरचे होते. या पत्रिकेच्या वाचकांच्या भाषांमध्ये, गुजरातीत, मल्याळममध्ये, बंगालीत, अशी घरे नक्की आहेत. ती पाने त्या घरांनीच लिहायला हवीत.

माझ्या वाट्याचे पान एवढेच आहे. बहिणीच्या लग्नाला वडील आले नाहीत. बोट तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या एका बंदरात होती. पुढच्या वर्षी ते आले ते आधी बहिणीच्या सासरी उतरले, दोन दिवस तिथे राहिले, आणि मग आमच्याकडे आले. आईने विचारले, "इकडं कधी पोचलात?" ते म्हणाले, "आत्ता." आईने चहा टाकला. त्या रात्री अंथरूण पडवीत नव्हते.